उजेडात धरलेलं पान

७ फेब्रुवारी

बेन्जी सरांच्या फोटो मंडळाचा नियम असा की ज्याचा फोटो खुर्चीवर ठेवलेला असेल त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीचे बोलून संपले की फोटो उचलायचा आणि घरी जायचं. खुलासा नाही, आभार नाहीत. दुसरा नियम, जे बोलायचं ते चित्राबद्दल, चित्रातल्या वस्तूबद्दल नाही. पूर्वी कुणी बकरीचा फोटो आणला की बैठक बकरी कुणाची आणि दूध किती देते यावर संपायची म्हणे. जो नियम मोडेल त्याने सगळ्यांना पानदेसाल, म्हणजे इथले छोटे पाव, खिलवायचे. बैठक शेजारच्या मावशींच्या, तिता मिर्लांच्या बेकरीतच भरते, त्यामुळे दंड वसूल व्हायला वेळ लागत नाही.

तिथे उत्तर देता येत नाही म्हणून इथे देते आहे.

माझा फोटो केळीच्या पानाच्या तुकड्याचा होता, मागून उजेड. हॉस्पिटलात एक्स-रे थेट पडद्यावर दिसू लागल्यापासून फिल्म बघायच्या दिव्याच्या पेट्या अडगळीत पडल्या आहेत. त्यांतली एक मी रीतसर विचारून घरी आणली. पान तिच्यावर ठेवलं की शीर न् शीर दिसते. मला तो फोटो निर्दोष वाटत होता.

देल्फिन लग्नांचे फोटो काढतो आणि बोलण्याचेही पैसे मिळत असल्यासारखा बोलतो. तो म्हणाला, "हे पान अ‍ॅडमिट आहे का?"

तिता म्हणाल्या, "बिचारं. श्वास रोखा म्हटल्यावर माणूस उभा राहतो तसं उभं आहे. सोड गं त्याला."

बेन्जी सर शेवटी बोलतात. "सगळंच दिसतंय. त्यामुळे कुठे बघायचं ते कळत नाही."

उत्तर: एक्स-रेत अवयव मधोमधच घ्यावा लागतो. कडेला गेला तर पुन्हा काढायचा आणि माणसाने पुन्हा किरण सोसायचे. आणि कुठे बघायचं ते ठरवणं माझं काम नाही. मी एक्स-रे काढते. वाचतात डॉक्टर.

घरी येऊन घासलेली भांडी परत घासली.

८ फेब्रुवारी

शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याच्या मिरवणुकीची वाट दरवर्षी बदलते; वाटेवरची घरं आपलं पीक दर्शनी भागावर टांगतात. यंदा मे महिन्यात ती आमच्या गल्लीतून जाणार, असं प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात कळलं. वडील, म्हणजे आमचे ताताय, तिथेच थांबले, ज्यांना आधीच माहीत होतं त्यांनाही सांगत राहिले. मागच्या वेळी मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा आई होती आणि घराच्या दर्शनी भागावर नारळ टांगले होते. त्यानंतरच्या वादळात नारळाची एकूण एक झाडं आडवी झाली. तातायनी त्या जागी लाकातान जातीच्या केळी लावल्या. केळी त्यांनी आयुष्यात कधी लावल्या नव्हत्या, इकडून तिकडून विचारत शिकले. पहिला बहर आता येतो आहे.

"घरावर वरपासून खालपर्यंत घड," ते म्हणाले. "खिडकी दिसता कामा नये."

"मग उजेड कुठून येणार?"

"एक दिवस अंधारात बस."

१२ फेब्रुवारी

पेटीऐवजी सूर्य वापरून बघावा म्हणून सकाळी ड्यूटीआधी बागेत गेले. केळीची पानं खाली लवतात, त्यामुळे सूर्य त्यांच्या पाठीवर पडतो, आरपार येत नाही. हाताने पान धरावं तर कॅमेरा कोण धरणार.

नाल्याजवळ तीन केळी मात्र वेगळ्या आहेत. त्यांची पानं अरुंद, आखूड, सरळ वर उभी, एकमेकांना चिकटून, फुलदाणीत खोचल्यासारखी. सूर्य खाली असताना उजेड थेट त्यांच्यातून येतो. आणि त्यात एक गोष्ट दिसते जी नुसतं बघून दिसत नाही. शिरांवर गडद हिरव्या तुटक रेघा आहेत. काही नुसते ठिपके, काही आखूड, आणि मधल्या जाड शिरेजवळ येताना गळासारख्या वळलेल्या. पानाची कड पिवळसर आहे, त्यामुळे चौकटीला आपोआप किनार मिळते.

ताताय कोयता घेऊन त्याच केळींकडे येत होते.

"ताताय, या तीन राहू द्या."

"या काही धरणार नाहीत. घड बाहेर यायचाच नाही यांचा."

"मला घड नको. पानं हवीत."

त्यांनी कोयता खाली केला. "कुठवर?"

"प्रदर्शनापर्यंत. मंडळाचं प्रदर्शन सान इसिद्रोलाच असतं."

"बरं." मग म्हणाले, "अजून काही हवंय का?"

नको म्हटलं. खरंच नको होतं.

जेवताना त्यांनी माशाचं डोकं माझ्या ताटात वाढलं. ते नेहमी स्वतः खातात.

२१ फेब्रुवारी

आज फोटो खुर्चीवर ठेवला तेव्हा देल्फिनला बोलायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. "रेघा चांगल्या आहेत," म्हणाला. "पण तू त्या वाढून ठेवल्यास. ताटात मधोमध. जरा लपव. माणसाला शोधू दे."

तिता म्हणाल्या, मधली शीर उभी सरळ आहे ती तिरपी कर, कोपऱ्यातून येऊ दे. "पाहुणा कसा येतो? भिंत फोडून मधोमध उगवतो का? दारातून येतो."

बेन्जी सर निवृत्त होईपर्यंत नगरपालिकेच्या शेती कार्यालयात होते. त्यांनी चष्मा काढला, फोटो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे कुठल्या—"

देल्फिनने बोट वर केलं. "वस्तू, सर. वस्तूबद्दल विचारताय. पानदेसाल."

सगळे हसले. सरही हसले, पैसे काढून तितांना दिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काय दाखवते आहेस ते तुला नीट माहीत आहे. एवढंच म्हणतो."

सरांकडून ही मोठी स्तुती आहे. उत्तर द्यायची गरज वाटली नाही, तरी परत येताना चढावर मी जवळजवळ धावत होते.

२७ फेब्रुवारी

एक्स-रे काढून झाला की माणसं पडद्याकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. म्हणून मी तोंडावर काही येऊ देत नाही. आज एका बाईने विचारलं, काय दिसतंय. नेहमीचं उत्तर दिलं, डॉक्टर सांगतील.

गेल्या वर्षी ताताय बागेत घसरले तेव्हा त्यांच्या मनगटाचा फोटो मीच काढला. "काय दिसतंय?" "डॉक्टर सांगतील." "मलासुद्धा?" म्हणाले, आणि बाहेर बाकावर बसून हसत राहिले. हाड मोडलं होतं.

दिवसभर कामात हात चालतो, पण मन नाल्याजवळ असतं. उजेड फुकट जातो आहे असं वाटत राहतं.

३ मार्च

बानाहाव डोंगर आमच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे बागेतला संध्याकाळचा उजेड लवकर जातो. कुंपणापलीकडे तिता मिर्लांची केळीची पट्टी जरा उंचावर आहे, तिथे तो थोडा जास्त टिकतो. ती पट्टीही तातायच बघतात, अर्ध्या वाट्याने. मी ड्यूटीवरून येईपर्यंत आमच्याकडे काही उरत नाही. म्हणून आज एक पान कापून तितांकडे नेलं आणि त्यांच्या केळींच्या मधे दोरीला बांधलं. उजेड उत्तम मिळाला.

देठाशी बारीक काळे किडे होते आणि त्यांच्या भोवती मुंग्या. फोटोत ते कचऱ्यासारखे दिसतात. लेन्सच्या ब्रशने झटकून टाकले.

तिता पिठाच्या हातांनीच बघायला आल्या. "काय सुरेख गं. आणि तुझा बाप हे तोडायला निघाला होता? सांग त्याला, तोडलंस तर तुझी उधारी बंद."

"ते तुमच्याकडून उधार घेतात?"

"नाही. म्हणून तर धमकीला जोर नाही."

७ मार्च

देल्फिन: "फार स्वच्छ. ऑपरेशन थिएटर. पानावर कुणी राहत नाही का?"

तिता, ज्यांच्याच मळ्यात हा फोटो काढला: "पान टांगलेलं कळतं. गळा आवळल्यासारखं."

बेन्जी सर: "चौकटीच्या कडांवरून आधी नजर फिरव, मग मध्ये ये. तू मधून सुरुवात करतेस."

तिघांचंही बरोबर आहे. ते मला आवडलं नाही. घरी येऊन जुने सगळे फोटो जमिनीवर मांडले आणि फक्त कडा बघितल्या. प्रत्येकात कडेला काही ना काही पडलेलं आहे, दुसऱ्या पानाचं टोक, आभाळाचा जळका पांढरा तुकडा. मी ते कधीच बघितलं नव्हतं. बघितलं असतं तरी दिसलं नसतं.

आता कापलेलं पान नको, झाडावरचंच घेणार. किडे, मुंग्या असू देत.

१५ मार्च

ताताय हल्ली सारखे बागेत असतात. पाठीवर पंप, साबणाचं पाणी. का विचारलं तर म्हणाले, "धूळ बसते." आमच्या लुक्बानमध्ये धूळ बसायला आधी पाऊस थांबावा लागतो.

साबण वाळला की पानावर डाग राहतात. माझ्या तीन केळींवर मारू नका म्हणून सांगितलं. ते पंपाची नळी हातात धरून उभे राहिले, मग बाजूने वळून पुढच्या ओळीत गेले.

२१ मार्च

झालं. फोटो प्रदर्शनात घेतला.

कसा आहे ते लिहून ठेवते. मधली शीर डाव्या खालच्या कोपऱ्यातून येते आणि वर जाता जाता चौकटीबाहेर निघून जाते. उजवीकडे पान वाऱ्याने फाटलं आहे, त्या फटीतून मागची सावली दिसते, पूर्ण काळी. हिरवं त्या काळ्यापाशी थांबतं. रेघा शिरेजवळच्या भागात आहेत, आधी दिसत नाहीत, मग दिसल्या की त्याच दिसत राहतात. पानाच्या मागच्या बाजूला एक मुंगी आहे, फक्त तिची सावली.

देल्फिन म्हणाला, "मला यात काही खोट काढता येत नाही. मला हे आवडलेलं नाही." मुंगीला उद्देशून म्हणाला, "शेवटी कुणीतरी राहायला आलं."

मी प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने तारीख, झाड कुठलं, पान कितवं आणि उजेड कुठून, हे लिहिते. हॉस्पिटलची सवय. सरांनी आज मागची बाजू वाचली, मग फेब्रुवारीपासूनचे सगळे उलटे करून वाचले. म्हणाले, "माझ्या वेळी अशा नोंदी कुणी ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं." त्यांच्या काळात कॅमेरे वेगळे होते, तेव्हा प्रकाशाच्या नोंदी जास्तच लागत असतील.

दाराजवळची मोठी जागा मला मिळणार आहे. तातायना सांगितलं. "म्हणजे आत येणारा प्रत्येक माणूस बघणार," ते म्हणाले. हो म्हटलं. समजल्यासारखी मान हलवली त्यांनी.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

सुट्टी. दुकानं बंद, आवाज करायचा नाही, आंघोळसुद्धा दुपारनंतर नको म्हणतात. मला एका जागी बसवत नाही. कॅमेरा घेऊन बागेत फिरत राहिले.

दुसऱ्या ओळीतल्या एका केळीचा नवा पोंगा उघडला आहे, त्याचं पानही अरुंद आणि उभं. तिसऱ्या ओळीतही एक. उजेडात धरलं, तशाच रेघा. नाल्यापर्यंत जायला नको आता. बरं वाटलं.

ताताय तिथेच एका बुंध्याशी बसले होते. त्यांच्या डोक्यावर त्या केळीचं अर्धं बाहेर आलेलं केळफूल होतं, अडकल्यासारखं.

"बरं वाटत नाही का?"

"उकडतंय."

उकडत नव्हतं. मी त्यांचाही एक फोटो काढला, मागून उजेड. चेहरा काळा आला. पुसून टाकला.

१८ एप्रिल

जसं घडलं तसं लिहिते.

आज तिता मिर्ला पहिल्यांदा स्वतःचा फोटो घेऊन आल्या. फोनवर काढलेला, बाजारातून छापून आणलेला. खुर्चीवर ठेवला आणि तोंडावर हात ठेवून बसल्या, म्हणजे नियम पाळतो आहोत हे दिसावं. केळीचं पान, मागून उजेड, मधली शीर कोपऱ्यातून. आणि रेघा.

देल्फिन म्हणाला, "आर्लीन, तुझी वही कुणीतरी कॉपी केली." मी म्हटलं, शीर माझ्यापेक्षा चांगली आली आहे. खरंच चांगली आली होती.

बेन्जी सर उठले. "मिर्ला, हे कुठलं पान?"

"पानदेसाल!" देल्फिन म्हणाला.

"गप्प बस. मिर्ला, कुठलं?"

तितांनी तोंडावरचा हात काढला. "माझ्याच पट्टीतलं. का?"

"किती झाडांना आहे असं?"

"पाच-सहा असतील. काय झालं? छान दिसतं म्हणून काढलं."

सर खाली बसले. सावकाश बोलले. हा पर्णगुच्छ. केळीचा रोग. औषध नाही. झाड मरत नाही लवकर, पण घड देत नाही, आणि मावा, म्हणजे ते काळे किडे, या झाडावरून त्या झाडावर तो नेतात. पाऊस पडला की मावा आणखी वाढतो. दिसलं की आधी किडे मारायचे, मग कंदासकट उपटून तुकडे करायचे. दिसण्याची खात्रीची जागा एकच, पान उजेडात धरल्यावर शिरांवर येणाऱ्या तुटक रेघा.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आर्लीन, तुमच्याकडचं कुठवर आलं? तू तर फेब्रुवारीपासून नोंद ठेवते आहेस. झाड, पान, तारीख. मला वाटलं, कार्यालयालाही कळवलं असशील, बाकीची झाडं काढली असतील, एवढी नोंदीसाठी ठेवली असतील. म्हणून मी काही..."

तिघेही माझ्याकडे बघत होते. आज खुर्चीवर माझा फोटो नव्हता. मला बोलायची मुभा होती.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

तिता म्हणाल्या, "मीच म्हणाले होते ना, तोडू नको म्हणून सांग." कुणीही त्यांना नाही म्हणालं नाही.

त्या दिवशी ब्रशने झटकलेले किडे कुठे पडले ते मला नीट आठवतं.

१९ एप्रिल

ताताय अंगणात किपिंग वाळत घालत होते. तांदळाच्या पिठाच्या त्या रंगीत पापड्या दर सान इसिद्रोला खिडक्यांवर टांगतात. पीठ खऱ्या पानावर ओतून वाफवतात, त्यामुळे प्रत्येकीवर शिरा उमटतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पापडी नीट सपाट करून ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. मार्चमध्ये बाजारात एकाने सांगितलं, असं असं होतं म्हणून."

"मग तोडलं का नाहीत?"

"वाटलं, खत कमी पडलं असेल. मग वाटलं, साबणाच्या पाण्याने जाईल." दुसरी पापडी उचलली. "माणसाला हवं ते वाटून घेता येतं."

"ताताय."

"तू मागितलंस," ते म्हणाले. "तू कधी काही मागत नाहीस."

मी आत जाऊन पाणी प्यायले. परत बाहेर आले तेव्हा ते पापड्याच मांडत होते. मीही मांडल्या. मोडू नयेत एवढं लक्ष ठेवलं.

२५ एप्रिल

आधी किडे मारायचे. पोंग्यात आणि बुडाशी रॉकेल ओतलं, मग थांबलो, मग उपटायला सुरुवात केली. कुठलं झाड काढायचं ते सांगणं माझ्याकडे आहे. मी पुढे जाऊन प्रत्येक झाडाचं नवं पान उजेडात धरते आणि रेघ दिसली की बुंध्याला फडक्याची चिंधी बांधते. ताताय आणि देल्फिन मागून येतात. देल्फिनला कुणी बोलावलं नव्हतं. लग्नात घालायचे बूट घालून आला.

"देल्फिन कुया, बूट खराब होतील," मी म्हटलं.

"नवरी पळून गेली की असंच मोकळं हिंडतो मी." मग वाकून कंद फोडू लागला. त्याला कोयता धरता येत नाही.

आमच्याकडे नाल्यापासून चौथ्या ओळीपर्यंत गेलं. शेवटच्या दोन ओळी उरल्या, त्यांत मिरवणुकीच्या दिवसापर्यंत भरेल असा घड एकच. तितांच्या पट्टीत जवळजवळ निम्मं. तिता कुंपणाशी उभ्या राहून कॉफी देत होत्या. त्यांच्या एका केळीपाशी मी पान धरून फार वेळ उभी राहिले, कारण त्या झाडाला घड लागलेला होता.

"सांग की," तिता म्हणाल्या. "अशी उभी राहू नकोस. मला तुझं तोंड वाचता येत नाही, कुणालाच येत नाही."

"आहे," मी म्हटलं.

"बरं. बांध चिंधी."

२ मे

फोटो मागे घेते असं बेन्जी सरांना सांगितलं. ते नको म्हणाले. तिता तर चिडल्या. "माझी निम्मी पट्टी गेली आणि आता फोटोही नाही? लाव तो. दारातच लाव."

सरांनी आज नियम बदलायचं सुचवलं. मतभेद झाले. देल्फिन म्हणतो, नियम राहू दे, नाहीतर पुढच्या वेळी परत बकरी. शेवटी ठरलं की वस्तूबद्दल बोलायचं ते सगळ्यात शेवटी, आणि ज्याचा फोटो त्यालाही तेव्हा बोलता येईल. दंड तसाच, फक्त आता शेवटी जो काहीच बोलणार नाही त्याला.

त्यानंतर सर बराच वेळ काचेच्या कपाटातल्या पावांकडे बघत बसले होते. मी पानदेसाल घेतले आणि त्यांच्यापुढे ठेवले. म्हणाले, "माझ्या दंडाचे ना हे? तेव्हा न बोलल्याच्या." हो म्हटलं.

फोटोच्या खाली काय लिहायचं ते माझ्यावर सोडलं. घरी आल्यापासून तेच करते आहे. लिहिते, खोडते. आधीचं नाव होतं 'डावीकडून, प्रकाशाविरुद्ध'. तेही खोटं नव्हतं.

१६ मे

काल मिरवणूक झाली. आमच्या घरावर किपिंग होत्या, तितांनी पाठवलेले मगरीच्या आकाराचे पाव होते, कुणाकुणाकडून आलेल्या भाज्या होत्या. लाकातानचा घड एक, दाराच्या बरोबर वर. ताताय पहाटेच शिडीवर चढून तो सारखा करत होते. डावीकडे जास्त झाला का विचारत होते. मी म्हटलं, मधे नको, थोडा बाजूला घ्या, म्हणजे दारातून येणारा माणूस त्याच्याकडे बघत आत येईल. घेतला. खिडकी पूर्ण उघडी राहिली. सान इसिद्रो आला, बैलजोडीच्या मूर्तीसकट गेला.

दुपारी नगरपालिकेच्या सभागृहात फोटोपाशी उभी होते. खाली शेवटी एवढंच लिहिलं होतं: हे पान आजारी आहे. तुमच्याकडचं उजेडात धरून बघा. लोक आधी चित्र बघत, मागे सरत, पुढे येत. मग वाचत. मग पुन्हा बघत, आणि त्या वेळी त्यांची नजर वेगळ्या वाटेने जात असे, कोपऱ्यातून शिरेवर आणि तिथून रेघांवर. तशी जावी म्हणूनच शीर तिरपी घेतली होती. वरच्या वस्तीतला एक माणूस टोपी काढून विचारत होता, रेघ वळलेली असते की सरळ, देठाकडे की टोकाकडे. मी सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, बोटाकडे बघत होता.

आज सकाळी ताताय बागेतून हाक मारत होते. शेवटच्या ओळीत, कालचा घड जिच्यावरून उतरवला तिच्या शेजारच्या केळीपाशी उभे होते. हिचाही घड अर्धा भरलेला आहे. त्यांनी नवं पान दोन्ही हातांनी वाकवून सूर्यासमोर धरलं. मी कॅमेरा आणला नव्हता.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत, "डॉक्टर सांगतील म्हणू नकोस."

आधी कडा बघितल्या. कडा हिरव्या होत्या. मग देठापासून शिरेच्या कडेकडेने वर गेले. उजेड चांगला होता. मधल्या शिरेच्या जवळ एक आखूड रेघ, तिच्या खाली एक ठिपका, आणि शिरेला भिडता भिडता वळलेली आणखी एक.

"आहे," मी म्हटलं. "तीन. एक वळलेली."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पान सोडलं. ते झटक्याने वर गेलं आणि उभं राहिलं. खिशातून चिंधी काढून माझ्याकडे दिली, मी बांधली.

मग त्यांनी पुढच्या झाडाचं पान धरलं.